तेराव्याची खाट

माणसाने घरी मरावे, वाटेत मरावे, शेतात मरावे. त्याबद्दल सरकारची काही तक्रार नसते. सरकारी जागेत मरायचे असेल तर मात्र त्याला कारण लागते. ते कारण सभ्य असावे, एका ओळीत मावावे आणि त्यात दुसऱ्या कोणाचा हात नसावा, एवढीच अपेक्षा असते. (ही अपेक्षा फार आहे असे कोणी म्हणू नये. घरी मरणाऱ्यांकडून नातेवाईक याहून पुष्कळ जास्त अपेक्षा ठेवतात.)

संस्थाने नुकतीच विलीन झाली होती, तेव्हा देवासच्या बाजूला कोठडीतल्या मृत्यूंसाठी तीन कारणे चालत: जुना आजार, पश्चात्ताप आणि पडणे. जुन्या आजाराला डॉक्टर लागतो, आणि डॉक्टर रजेवर असतो. पश्चात्तापाला निदान एखादा गुन्हा लागतो. पडण्याला काहीच लागत नाही. पडण्याजोगी जागा असली म्हणजे झाले. आमच्या गोष्टीतले ठाणे एकमजली आणि कौलारू. त्याला जिना नव्हता, माडी नव्हती, आणि विहीर होती ती शेजारच्या मळ्यात, म्हणजे हद्दीबाहेर. तेव्हा ठाणेदार उमाशंकर यांनी पुष्कळ विचार केला आणि लिहिले की, आरोपी यशवंत हा झोपेत खाटेवरून पडून मयत झाला.

कोठडीत खाट नव्हती. पण त्या मुद्द्याकडे आपण यथावकाश येऊ. सरकारही यथावकाशच आले.

(ठाण्याचे नाव सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांनी उगाच हौसेने चौकशीला जाऊ नये.)

यशवंत हा दुर्गाबाईंचा एकुलता एक मुलगा. त्याचे वडील कृष्णराव हे बग्गीखान्यातले मिस्त्री. त्यांचे पूर्वज दरबाराबरोबर दक्षिणेतून आले, तेव्हापासून घराण्याने राजेलोकांच्या बुडाखालची चाके सांभाळली. मग राजे गेले, बग्गीखान्याला कुलूप लागले आणि नव्या सरकारने एक कारकून पाठवून आतल्या चिजा मोजून घेतल्या. बग्गीला दोन बाजूंना दोन पितळी कंदील असतात. एक बाजू भिंतीला लागून होती आणि तिकडे गांधीलमाश्यांचे पोळे होते. कारकुनाने जिवाला जपून अलीकडूनच मोजले आणि लिहिले, "कंदील एक. दुसरा चोरीस." शेवटची दुरुस्ती यशवंताने केली होती, म्हणून त्याला सोमवारी ठाण्यात नेले आणि बुधवारी सकाळी हातगाडीवरून परत आणून दिले.

पुढे थंडी पडली, गांधीलमाश्या गेल्या आणि कंदील बग्गीच्या दुसऱ्या बाजूला, जिथे असायचा तिथेच सापडला. सरकारने तो प्रामाणिकपणे जमेस धरला. शेरा असा होता: "वस्तू मिळाली. आरोपी मयत. दोन्ही बाबी निकाली."

दुर्गाबाईंनी त्या बुधवारी मुलाची पाठ पाहिली होती. तान्हा असताना हीच पाठ त्यांनी पायांवर घेऊन तेलाने रगडली होती, आणि मोठा झाल्यावर रंधा मारताना घामाने चमकणारी हीच पाठ पाहून त्या ओट्यावरून हळूच दृष्ट काढत. तिच्यावर त्या सकाळी काय काय होते, हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही. त्या एवढेच म्हणत, "खाटेनं असं होत नाही." त्यांना पैसे नको होते, कोणाला फाशी नको होती. मुलगा पडून मेला नाही, त्याला मारला, एवढे सरकारने एकदा लिहावे, हा त्यांचा हट्ट होता.

तेराव्याला शय्यादान झाले. मेलेल्याला वर आडवे व्हायला काही असावे, म्हणून इथे खाली भटजींना खाट, गादी, छत्री, तांब्या असे सगळे द्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. कृष्णरावांनी एका मोडक्या बग्गीच्या शिसवी लाकडाची खाट केली. तीन दिवस ते नुसते खाटेचे पाय कातत बसले. दुर्गाबाईंनी नवार विणली. पायथ्याशी ती हातभर कमी पडली, तेव्हा त्यांनी आपल्या निळ्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून उरलेले विणले. मग ती खाट श्रीपादभटजींना दिली. अशी खाट पुढे कोठे जाते हे विचारायचे नसते. तिच्यावर आपले माणूस निजले आहे असे समजायचे असते, आणि भटजीही ती घरात ठेवत नाहीत, विकून टाकतात. सगळ्या गल्लीने त्या खाटेभोवती पंगत केली, कढी वाखाणली आणि डोळे पुसले.

त्यानंतर दुर्गाबाईंनी अर्ज केला. अर्ज लिहून दिला मोरोपंतांनी. मोरोपंत पूर्वी दरबारी दप्तरात होते, आता जिल्हा कचेरीत होते, आणि सरकार कोणतेही असो, त्याच्यावर त्यांची सारखीच माया होती. अर्जात एकच मुद्दा होता: कोठडीत खाट नाही. मग मुलगा कशावरून पडला?

असा बिनतोड मुद्दा सरकारपुढे क्वचितच येतो. सरकार त्या वेळी उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला राहत असे, त्यामुळे अर्ज इंदूरला पोचला तेव्हा सरकार ग्वाल्हेरला निघाले होते, आणि ग्वाल्हेरला पोचला तेव्हा इंदूरला. पण अखेर दोघांची गाठ पडली. एके दिवशी मोरोपंत उपरणे सावरत धावतच गल्लीत आले.

"दुर्गाबाई, साखर वाटा! आपला अर्ज मंजूर झाला!"

दुर्गाबाई चुलीपुढून तशाच उठल्या. "कोणाला धरलं, पंत?"

"धरायचं कोणाला? खाट मंजूर झाली, खाट! 'कोठडीत खाट नाही ही तक्रार रास्त असून उणीव तात्काळ दूर करावी.' तात्काळ म्हणताहेत! दरबारच्या वेळी असा शब्द ऐकला होता का कधी?"

"पंत, मी खाट मागितली होती का?"

"नाही कशी? तुम्हीच तर म्हणालात, खाट नाही म्हणून."

सरकारच्या बाजूनेही विचार करायला हवा. अहवाल म्हणतो खाट आहे, अर्ज म्हणतो खाट नाही. अहवाल बदलावा तर ठाणेदाराचा अपमान, अर्ज फेटाळावा तर आईचा अपमान. खाट आणून ठेवली की दोघांचाही मान राहतो. एवढा विवेक जुन्या राजांपाशी खरोखरच नव्हता.

उमाशंकर साहेबांनी बाजारात हलक्या किमतीची, पण मजबूत खाट शोधली. शिसवी लाकडाची एक मिळाली. विकणारे श्रीपादभटजी होते.

आता खाट आली, तेव्हा चौकशीही आली. चौकशी निःपक्षपाती व्हावी म्हणून धारहून बळवंतराव नावाचे अधिकारी आणवले. त्यांनी हे ठाणे जन्मात पाहिले नव्हते, आणि आपण इथे कशासाठी आलो हेही त्यांना वाटेतच सांगण्यात आले. ठाणेदारांनी त्यांना दाल-बाफले खाऊ घातले. (तुपात बुडवलेले चार बाफले पोटात गेल्यावर माणसाच्या मनात कोणाबद्दलही पक्षपात उरत नाही. हे धारकडेही मानतात.) मग प्रयोग सुरू झाले. ठाण्यातल्या सर्वांत वजनदार हवालदाराला खाटेवर निजवून पडायला सांगितले. पहिल्यांदा तो पडलाच नाही; झोपला. त्याला हलवून जागे केले. दुसऱ्यांदा तो पडला, "हे राम" म्हणाला आणि चहा मागू लागला. तिसऱ्यांदा त्याला उभ्याने पाडले, तेव्हा जमिनीचा पोपडा निघाला. शेवटी बळवंतराव स्वतः आडवे झाले आणि दिवेलागणीला उठले.

निष्कर्ष असे: कोठडीत खाट आहे. ती अत्यंत सुखकर आहे. तिच्यावरून पडता येते. पडल्याने निरोगी माणूस मरत नाही. यशवंत मेला. सबब, तो निरोगी नव्हता. आईने त्याला काय खाऊ घातले याची वेगळी चौकशी करता येईल, पण शोकाकुल मातेचा विचार करून तूर्त ती करू नये.

सहीसाठी दुर्गाबाईंना आत बोलावले. त्या कोठडीच्या दारात आल्या आणि थांबल्या. खाटेच्या पायथ्याशी हातभर निळे विणकाम होते. त्यांनी खाली बसून त्यावरून हात फिरवला.

"ही माझ्या यशवंताची खाट आहे," त्या म्हणाल्या.

बळवंतरावांचा चेहरा खुलला. इतका सरळ पुरावा त्यांना आजवरच्या नोकरीत मिळाला नव्हता. "लिहा," ते म्हणाले, "मयताच्या आईने खाट मयताची म्हणून ओळखली."

"अहो साहेब, तसं नव्हे! तो गेल्यावर विणली ही. तेराव्याला दिली. हे माझं लुगडं आहे!"

"लिहा," बळवंतराव हळुवारपणे म्हणाले, "शोकामुळे आधीचं आणि नंतरचं यांचं भान राहिलेलं नाही."

कृष्णरावांनाही एक नोटीस आली: ज्या खाटेवरून पडून मनुष्य मेला ती खाट निष्काळजीपणे का बनवली? कृष्णराव कचेरीत गेले. मुलगा गेल्यापासून ते बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले. "माझ्या खाटेवरून पडून कोणी मेलेलं नाही," ते म्हणाले. हे आत्मप्रौढी म्हणून नोंदवून घेण्यात आले.

इथे प्रकरण संपायचे, आणि दुर्गाबाईही कदाचित थकल्या असत्या. पण सरकारी वस्तू एकदा आली की वापरात येते. वर्षाच्या आत त्या खाटेवरून आणखी एक जण पडला. तो पीपलरावां नावाच्या खेड्यातला होता, बैलाच्या भांडणात आणलेला. आता खोटे काही लिहावे लागले नाही, कारण आता खाट होती.

त्याची आई सीता गल्लीत शोधत शोधत दुर्गाबाईंच्या दारी आली. ओट्यावर टेकली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "जीजी, लोग बोलते हैं वो खाट तुम्हारी है."

आजवर दुर्गाबाई रडल्या होत्या, चिडल्या होत्या, पण लाज अशी वाटली नव्हती. आपण खाट नाही म्हणून ओरडलो नसतो तर या बाईला आज हे ऐकावे लागले नसते, असे त्यांना वाटले. (हे तर्काला धरून नाही. पण त्या सरकारी अधिकारी नव्हत्या, म्हणून त्यांना तसे वाटले.) त्यांनी सीतेला पाणी दिले, भाकरी वाढली, दोघी जेवल्या. मग दुर्गाबाई म्हणाल्या, "चल. दोन्हीकडून धरायला दोघी लागतील."

भर दुपारी, हाटाच्या दिवशी, दोघी ठाण्यात गेल्या. पहारेकरी झोपला होता. (टेबलावर. खाटेवरून लोक पडतात हे त्याने ऐकले होते.) कोठडी रिकामी आणि उघडी होती. दोघींनी खाट उचलली, डोक्यावर घेतली आणि बाजारातून चालू लागल्या. मिरच्यांच्या ढिगांमधून, बांगडीवाल्यांमधून, गुळावरच्या माश्यांमधून खाट डुलत चालली. लोक बाजूला होऊन वाट देत होते. "अरे भिया, खाट आ री है, खाट!" कोणी शीळ घातली, कोणी हात जोडले, एका म्हाताऱ्याने तर वरात समजून कुंकू लावले. दुर्गाबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसल्या. सीतेला ओझ्यापेक्षा हसूच आवरेना. खाट घरासमोर टेकवली तेव्हा मागून ठाणेदार धापा टाकत आले आणि सरकारी खाट चोरल्याबद्दल दोघींना घेऊन गेले. रात्री त्यांना कोठडीत ठेवले. कोठडीत खाट नव्हती.

खटला उभा राहिला. सगळी गल्ली ऐकायला आली. जागा मिळेना म्हणून लोक खिडक्यांत बसले. उमाशंकर साहेब कडक इस्त्रीत साक्षीला उभे राहिले. मॅजिस्ट्रेटांनी विचारले, खाट सरकारचीच कशावरून?

"हुजूर, मैंने खुद ख़रीदी है. श्रीपाद महाराज से."

"कब?"

"जब इन्हीं बाई ने अर्ज़ी दी थी, हुजूर," ठाणेदार अभिमानाने म्हणाले. "कि कोठड़ी में खाट नहीं है. उसके पहले तो खाट थी ही नहीं."

खिडकीतून कोणीतरी फिस्सकन हसले, आणि सगळी कचेरी हसू लागली. मोरोपंत हसले, शेजारचे शिवाजीराव हसले, शिपाई भिंतीकडे तोंड करून हसला. दुर्गाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या आरोपीच्या पिंजऱ्यात हात जोडून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. खाट नव्हती, हे कोणीतरी एकदा मोठ्याने म्हटले होते.

मॅजिस्ट्रेटांनी घड्याळ पाहिले. जेवणाची वेळ झाली होती. लेखनिकाने तर कलम आधीच खाली ठेवले होते, त्यामुळे शेवटचे वाक्य कागदावर आले नाही. जेवणानंतर सरकारने खटला काढून घेतला. चोरी शाबीत करावी तर खाट नंतरची ठरते, खाट आधीची ठेवावी तर ती विकत कधी घेतली ते सांगता येत नाही. म्हणून असे ठरले की चोरी झालीच नाही. दोघींना सोडून देण्यात आले. उमाशंकर साहेबांना बढती मिळाली.

दुर्गाबाईंनी पुन्हा अर्ज केला. ठाणेदार कचेरीत जे बोलले ते नोंदवून घ्यावे. सरकार या वेळी फारच उदार होते. नोंदवून घेऊ, म्हणाले. ते वाक्य स्वतः ऐकलेले दोन प्रतिष्ठित इसम फक्त आणा. आई चालणार नाही, बाप चालणार नाही, सीता चालणार नाही. ज्यांचे काही गेलेले नाही असे त्रयस्थ हवेत.

कचेरीत तर सगळी गल्ली होती. दुर्गाबाई प्रथम शिवाजीरावांकडे गेल्या. हे तेराव्याला तीनदा कढी मागून प्यायले होते. ते म्हणाले, "वहिनी, मी हसलो खरा, पण सगळे हसले म्हणून हसलो. ऐकलं कुठं?" प्रमोदिनीबाई शाळेत शिकवत आणि मुलांना खरे बोलायला लावत. त्या म्हणाल्या, "मला ते वाक्य शब्दन् शब्द आठवतंय, दुर्गाबाई. पण माझी नोकरी सरकारी आहे, तेव्हा आठवायचं नाही असं मी ठरवलंय." श्रीपादभटजी म्हणाले, दान घेतल्यावर मागे वळून पाहू नये असे शास्त्र आहे. मोरोपंतांनी मात्र आढेवेढे घेतले नाहीत. त्यांनी दुर्गाबाईंचे मनापासून अभिनंदन केले, कारण साक्षीदारांसाठी सरकारने कोणतीही मुदत घातली नव्हती. बाजारातून खाट जाताना पाहिली का, असे विचारले तर त्या दिवशी हाटाला कोणीच गेले नव्हते असे आढळले.

दरम्यान राज्य बदलले, राजधानी भोपाळला गेली, आणि हे प्रकरणही गाडीत बसून तिकडे गेले. ते बंद झालेले नाही. दोन इसमांची जागा रिकामी आहे.

खाट दुर्गाबाईंच्या घरासमोर उघड्यावर असते. जिची चोरी झालीच नाही ती परत कोण मागणार? कृष्णराव दिवाळीला तिच्या पायांना तेल देतात. गुरुवारी सीता पीपलरावांहून येते. दोघी खाटेच्या कडेला बसतात, शेंगा सोलतात आणि रस्त्याकडे पाहतात. मधली जागा मोकळी ठेवतात. ती दोघांना पुरते.

आणि आता, वाचकहो, आपण. आपले यात काही गेलेले नाही. म्हणजे आपण त्रयस्थ आहात. पुस्तके वाचता, म्हणजे प्रतिष्ठितही आहात. खाट कधी विणली, कोणी विकली आणि ठाणेदार काय बोलले, हे आपण शब्दन् शब्द ऐकले आहे, आणि कचेरी हसली तेव्हा आपणही हसलात. घर विचारायचेही कारण नाही. बाहेर खाट आहे.

पण इतक्या घाईने उठू नये. बहुधा आपण हे आडवे होऊनच वाचत असाल. तसेच राहावे. खाटेवर स्वस्थ निजून राहणाऱ्या प्रतिष्ठित माणसाला आजवर कधी काही झाल्याचे सरकारच्या दप्तरी नाही.